किती दिवस ते लिहायचं राहिलं

मलम मुगाच्या दाण्याएवढं घ्यायचं, हे लोकांना सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं, एकाचं मलम दुसऱ्याला लावू नका हे सांगण्यात. दोन्हीत यश बेताचंच. पण चौतीस वर्षं सांगत राहिले, आणि आता कोणी विचारत नाही तर जीभ उगाच वळवळते. म्हणून हा लेख.

मी सदाशिव पेठेत त्वचारोगाच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. फार्मसीची पदविका आहे माझ्याकडे, पण पाटीवर काहीही लिहा, पेठेत आम्ही कंपाउंडरबाईच. आतल्या खोलीत डॉक्टर, बाहेर बाकांवर पेशंट, आणि मधे जाळीच्या खिडकीमागे मी, माझी औषधांची कपाटं आणि मलम करायची जाड काच. आता डॉक्टर थकले, मुलीकडे राहायला गेले. दवाखान्याच्या जागेत कसलेसे क्लास चालतात. परवा तिथून जाताना पाय आपोआप थबकले. आमच्याकडे कोल टारच्या मलमाचा एक उग्र डांबरी वास कायम असे. नवे पेशंट नाकाला रुमाल लावत, मला मात्र त्या वासाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे. तो वास आता तिथे नाही. क्लासच्या शिपायानं विचारलं, "ॲडमिशन का आजी?" म्हटलं, "नाही बाबा, माझं शिकून झालंय." तेही खोटंच म्हणा. माझं काय शिकायचं राहिलं होतं, तेच सांगायला बसलेय.

आधी मलम कसं करतात ते सांगते. हल्ली सगळं ट्यूबमध्ये मिळतं, त्यामुळे मलम 'करतात' हेच नव्या माणसांना ठाऊक नाही. औषधाची पूड वस्त्रगाळ करायची. काचेवर तिच्यात लिक्विड पॅराफिनचे दोन-चार थेंब घालून बोथट, लवचिक पात्यानं घोटायची, गंधासारखी मऊ होईपर्यंत. मग जेवढी ती भरेल तेवढाच पांढऱ्या पॅराफिनचा गोळा त्यात घालायचा, घोटायचं. झालं त्याच्याएवढा पुन्हा घालायचा, पुन्हा घोटायचं. एकदम सगळं ओतून कालवलं तर एका कोपऱ्यात औषधच औषध आणि दुसऱ्या कोपऱ्यात नुसतं पॅराफिन. घाई केली की कण राहतात, आणि पापणीखालच्या कातडीला तो एक कण काचेसारखा टोचतो. माझ्या मलमात कण सापडला असं कोणी म्हणालेलं मला आठवत नाही. ही बढाई आहे, आणि ती मी मारणार.

पेशंट तर एकेक वल्ली. एक गृहस्थ भावाच्या खरजेचं औषध मागायला आले. भाऊ कुठे आहेत विचारलं, तर म्हणाले, "त्याला वेळ नाही. आम्ही दोघं दिसायला सारखेच आहोत, माझ्यावरून सांगा." एक आजोबा अर्धी उरलेली डबी घेऊन आले, "बरं वाटलं, उरलेलं परत घेता का?" मी म्हटलं, "घेते की, खाज पण परत नेणार असाल तर." आजोबा सहा महिने रुसले होते. मग पुन्हा खाज आली आणि आजोबाही आले.

अशा वातावरणात वर्षानुवर्षं बसलं की माणसाला एक रोग जडतो. आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. पेशंट दारातून आत येईपर्यंत मी मनात निदान करून ठेवत असे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ते जुळलं की गालातल्या गालात हसत असे. दहातली आठ-नऊ जुळतही. त्या उरलेल्या एका-दोनाबद्दल विचार करायची मला कधी गरज वाटली नाही.

करोना संपून मास्क घराघरांत खुंटीला लागले, त्यानंतरची गोष्ट. दुपारचा सव्वा वाजला होता. आमचा दवाखाना एक ते चार बंद. डॉक्टर घरी जेवायला गेलेले, शटर अर्धं खाली, मी डबा उघडलेला. शटरखालून वाकून एक मुलगी आत आली. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुली बांधतात तसा डोळ्यांपर्यंत स्कार्फ.

"ताई, डॉक्टर आहेत?"

"चार वाजता."

"चारला माझी शाळा असते हो. मधल्या सुट्टीत आलेय. मी टीचर आहे."

"मग संध्याकाळचा नंबर लावा. बुधवारचा मिळेल."

"आज गुरुवार आहे, ताई. तोवर काय करू? रोज वाढतंय."

तिनं स्कार्फ दोन बोटं खाली ओढला. डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूला लालसर बारीक पुटकुळ्या. मधे जाळी, अर्धं शटर, मिणमिणता उजेड, आणि माझी भाजी गार होत होती. मी म्हटलं, "ॲलर्जी दिसतेय. धूळ, स्कार्फ, काहीही असेल." कपाटातून एक ट्यूब काढली. डॉक्टर ॲलर्जीला देत तीच. तिच्या खोक्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: चेहऱ्याला, पातळ थर, रोज दोन वेळा.

आमच्या धंद्यात औषधावर तीन गोष्टी लिहायच्या असतात. किती, किती वेळा आणि किती दिवस. पहिल्या दोन मी लिहिल्या. तिसरी लिहिली नाही. बुधवारी येणारच आहे, डॉक्टर बघतील, असं मनाशी म्हटलं आणि डब्याकडे वळले. मुळात डॉक्टरांनी न बघता मी ती ट्यूब द्यायलाच नको होती, हे तर वेगळंच.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड वाईट नव्हे. योग्य जागी, योग्य दिवस लावलं तर त्यासारखं गुणकारी दुसरं नाही. पण चेहऱ्याची कातडी नाजूक. तिथे ते आठवड्यांमागून आठवडे लावलं, की खालचा आजार झाकला जातो आणि झाकणाखाली वाढतो. थांबवलं की दुप्पट उसळतो. मग माणूस घाबरून पुन्हा लावतो, आणि त्यातून बाहेर पडणं मोठं कठीण होऊन बसतं. ट्यूबचं नाव मी इथे लिहीत नाही. नाहीतर उद्या तुम्ही हा अंक काखेत मारून मेडिकलच्या दुकानात जाल. पुणेकर आहात, भरवसा नाही.

बुधवारी ती आली नाही. त्यानंतर दोन दिवसांनी आली ती काकवीची बाटली घेऊन. मांजरी गावची मुलगी, घरचा ऊस. चेहरा लख्ख. "ताई, चार दिवसांत गेलं सगळं! तुमच्या हाताला गुण आहे बघा." नाव अर्चना. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते म्हणाली. मी तोंडदेखलं म्हटलं, "तरी एकदा डॉक्टरांना दाखवून जा हं." ती म्हणाली, "हो, हो." आणि मी ती काकवी पोळीशी चाटूनपुसून खाल्ली. आता आठवलं की अजून घशाशी येतं.

सात महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी वेळेवर, नंबर लावून, आईबरोबर. स्कार्फ होता आणि त्याच्या आत मास्कही होता. डॉक्टरांनी मास्क काढायला सांगितलं. आमच्या आतल्या खोलीचं दार कधी नीट लागत नसे, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. डोळ्यांखाली, पापण्यांवर, ओठांभोवती, हनुवटीवर तांबूस-तपकिरी गाठीच गाठी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. मधली कातडी लाल, पातळ, चकचकीत.

"डॉक्टर, पोरीच्या तोंडाचं काय झालंय ह्ये बघा की," आई म्हणाली. "पोरगी जेवत न्हाय, आरशात बघत न्हाय. ल्योक खराडीला कंपनीत हाय, त्यो रोज नेटवरनं नवी क्रीम मागवतोय. रिव्ह्यू सॉलिड हाय म्हणतोय."

डॉक्टरांनी काचेची पट्टी एका गाठीवर दाबून धरली. दाबलं की लाली हटते आणि खालचा खरा रंग दिसतो. तो पिवळट तपकिरी दिसला. डॉक्टरांनी आणखी दोन गाठींवर पट्टी दाबून बघितली. मग कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं जे नाव आलं ते इतकं लांब की केसपेपरच्या एका ओळीत मावेना. फार दुर्मिळ. त्यांनी स्वतः आयुष्यात मोजून दोनदा पाहिलेलं. "पूर्वी लोक याला कातडीचा क्षय समजायचे," असं ते म्हणाले मात्र, आईनं पदर तोंडाला लावला. "अहो, समजायचे म्हणतोय मी, आहे म्हणत नाही. हा क्षय नाही, कोणालाही लागत नाही, बरा होतो. वेळ घेतो आणि जाताना काही खुणा ठेवतो. पण याच्यावर स्टेरॉइड कोणी लावायला सांगितलं?"

अर्चनानं दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. नजरानजर झाली. माझ्या हातातलं पातं काचेवर तसंच राहिलं.

"आठवत नाही, सर," ती म्हणाली.

आणि मी गप्प बसले. बाहेर माणसं होती, नंबर पुकारायचे होते, अशी कारणं त्या वेळी होती. खरं कारण एकच, भीती.

तिचं काय पणाला लागलंय, ते मला त्याच दिवशी कळलं. तिच्या वर्गात बारा मुलं. काहींना यंत्र लावूनही जेमतेम ऐकू येतं. ती बाईंचे ओठ वाचतात, चेहरा वाचतात. भुवई वर गेली की प्रश्न, कपाळाला आठी पडली की नकार. मास्क लावून या वर्गाला शिकवणं म्हणजे फळा झाकून शिकवणं. पारदर्शक मास्क मिळतात, पण त्यातून लपणार काय? मास्क काढला की मुलं टक लावून बघत. दोन-तीन पालकांनी तक्रार केली. डॉक्टरांनी नुकताच हा आजार लागत नाही असा दाखला लिहून दिला होता, तरी अर्चनाचाच धीर होईना. मुख्याध्यापिका भल्या, पण स्पष्ट. म्हणाल्या, "चेहरा उघडा ठेवून शिकवता येत असेल तर वर्ग आजही तुमचाच. जूनपर्यंत वाट बघते. नाहीतर मला दुसऱ्या बाई घ्याव्या लागतील." तोवर तिला ऑफिसात हजेरीपत्रकांवर बसवलं होतं. हे सगळं तिनं औषधांची वाट बघताना खिडकीपाशी सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "ताई, ती मुलं गेली तर माझ्याजवळ दुसरं काही नाही हो."

त्या दुपारी एक वाजता शटर खाली ओढलं आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. "ती पहिली ट्यूब मी दिली."

डॉक्टरांनी खण उघडला आणि एक चुरगळलेलं खोकं टेबलावर ठेवलं. माझं अक्षर. गावातल्या मेडिकलमधून आणलेली औषधं म्हणून अर्चनाच्या आईनं जी पिशवी त्यांच्याकडे दिली होती, तिच्यातच ते होतं. हेच खोकं दाखवून मांजरीच्या दुकानातून सात महिने नव्या ट्यूबा येत होत्या.

"अक्षर सुरेख आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर चाललं. माझं अक्षर असतं तर कोणाला वाचताच आलं नसतं, पोरगी वाचली असती."

मी राजीनाम्याचं बोलले. ते म्हणाले, "तो सोपा उपाय झाला. बाजारातल्या मलमानं तिला आग होतेय, ते तिच्यासाठी वेगळ्या, सौम्य बेसमध्ये कालवून करावं लागेल. तुमच्यासारखं कोण करतंय? बसा आणि करा." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वेळी अर्चनाजवळ विषय काढायला गेले, तर तिनंच थांबवलं. "ताई, राहू द्या. माझा वर्ग गेला तो गेला. तुमची खिडकी कशाला घालवायची?" स्वतःचं घर जळत असताना ही पोर माझ्या दारात पाणी मारत होती. मला रडू यायला हवं होतं. खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली ती नंतर.

मग सुरू झाले ते महिने. स्टेरॉइड बंद केल्यावर पहिले काही आठवडे तिचा चेहरा नुसता पेटला. गार पाण्याच्या घड्या ठेवत बसायची. आई येऊन म्हणाली, "त्या जुन्या ट्यूबनं निदान गार तरी वाटत हुतं." मी तिला बाकावर बसवून, हात धरून सांगितलं, "मावशी, आता ती ट्यूब घरात दिसली तर मी मांजरीला येऊन फेकून देईन." पोटातून गोळ्या चालू होत्या, वरून माझं मलम. दर आठवड्याला ताजं. आयुष्यात हजारो डब्या भरल्या असतील, पण त्या डब्यांसारखं घोटलं नाही कधी. मनगटाला आधी स्वतः लावून बघायची, उजेडात काच तिरपी धरून कण शोधायची. डॉक्टर जाता-जाता म्हणायचे, "बाई, पुरे. काच झिजेल."

एप्रिलमध्ये लाली उतरली. मेमध्ये गाठी बसायला लागल्या. आधी हनुवटी, मग ओठांभोवतीच्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती खिडकीपाशी आली, स्कार्फ सोडला, मास्क काढला आणि म्हणाली, "खरं सांगा ताई, जाऊ वर्गात अशी?"

मी तिला बाहेर दारात, उन्हात नेलं. या वेळी जाळीतून बघितलं नाही. "डाग आहेत. ते फिके होतील. खड्डे आहेत डोळ्यांखाली सात-आठ, ते राहतील. पण पुण्यातल्या रस्त्यांवर आपण याहून मोठे खपवून घेतो."

ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिचे दात पाहिले. वर्ग तिला मिळाला.

महिन्याभरानं तिचा फोन आला. मुलांना दवाखान्याचा पाठ होता, मलम कसं करतात ते दाखवायला याल का? गेले. काच, पातं, आणि औषधाऐवजी पिठीसाखर न् तूप. बारा मुलं टेबलाला चिकटून उभी. मी घोटत होते, अर्चना माझ्या समोर उभी राहून चेहऱ्यानं, हातांनी, ओठांनी त्यांना सांगत होती. तिचा चेहरा तिथे जसा हलत होता तसा मी कधीच पाहिला नव्हता. दवाखान्यात यायची ती वेगळीच मुलगी होती म्हणायची.

शेवटी ती मुलांना म्हणाली, "माझ्या चेहऱ्याचं औषध यांनी केलं."

बाराही मुलांनी दोन्ही हात वर करून पंजे हवेत हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. चोवीस हात, काही आवाज नाही. मला ते सोसवेना. मी काचेकडे बघत पुटपुटले, "बिघडवलाही मीच होता."

अर्चनाला ऐकू आलं. मुलांना नाही. माझे ओठ हलले एवढंच त्यांना दिसलं. दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली आणि तिनं भराभर हात हलवले.

"ताई, तुम्ही काय म्हणालात विचारतेय," अर्चना म्हणाली. "इथे खाली बघून बोललेलं कोणाला कळत नाही. पण जाऊ द्या. मी सांगते त्यांना काहीतरी."

"नको," मी म्हटलं. चेहरा वर केला. एकेक शब्द सुटा, सावकाश, ओठ नीट उघडून म्हटलं, "आधी मी चुकीचं औषध दिलं. म्हणून तुमच्या बाईंचा चेहरा बिघडला. म्हणून त्या इतके दिवस वर्गात नव्हत्या."

बारा जोड डोळे माझ्या तोंडावर. त्यातला एकही शब्द निसटला नाही. वेणीवाली मुलगी आणखी एक पाऊल पुढे आली. मग तिनं छातीवर मूठ गोल फिरवली, माझ्याकडे बोट केलं, मग बाईंकडे.

अर्चनानं तिचा हात हळूच खाली केला. मी म्हटलं, "सांग ना, काय म्हणते?"

"विचारतेय," ती म्हणाली, "की तुम्ही बाईंना सॉरी म्हणालात का?"

डॉक्टरांना सांगितलं होतं. देवाला सांगितलं होतं. काचेला तर रोज सांगत होते. तिला नव्हतं म्हटलं. तिनं एकदा 'राहू द्या' म्हटलं आणि मी ते राहू दिलं होतं.

मी तिच्याकडे वळले. त्या सात-आठ खड्ड्यांकडे नीट बघितलं आणि म्हणाले. आवाज फुटलाच नाही माझा. पण त्या वर्गात त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.